अक्काची पेटी

त्या उन्हाळ्यात खोकल्याच्या तापाची साथ आली आणि आमच्या ह्यांना हातातला रंधा खाली ठेवायची सोय राहिली नाही. हे सुतार. दारं, खिडक्या, बाकं, पाळणे, सगळं करतात. पण अडीच महिन्यांत पाळणा एक आणि पेट्या नऊ, असा तो उन्हाळा होता. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी गेलं की पाळक आधी आमच्याकडे निरोप धाडतात, मग कबर खणणाऱ्याकडे. "पेटी पाहिजे" एवढं म्हटलं की पुरे. कोणासाठी आणि किती वाजता, एवढंच हे विचारतात, कानामागची पेन्सिल काढतात आणि कामाला लागतात.

माझं देवाशी बोलणं दिवसभर चालू असतं. भांडी घासताना, शेडमधला भुसा लोटताना. गुडघे टेकून मी फार वेळ बसत नाही. गुडघे दुखतात आणि तोवर दूध उतू जातं. "बाबा रे, आज ऊन जरा बेताने घे," असं मी त्याला सांगते, आणि त्याने ऐकलं नाही की तेही सांगते. ह्यांना हे पटत नाही. ह्यांची प्रार्थना म्हणजे टोपी काढून, डोळे मिटून, घसा साफ करून. रोज संध्याकाळी जेवणाआधी हे, मी आणि आमची लेक, तिघांनी उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायची. त्यात माफीची ओळ आली, दुसऱ्याला माफ करण्याची, की ह्यांना खोकला यायचा. साथीचा नव्हे, अकरा वर्षं जुना. बरोबर त्या ओळीला यायचा आणि पुढच्या ओळीला जायचा. लेक लहान होती तेव्हा तिला वाटायचं की प्रार्थना अशीच असते. तीही तिथे खोकायची.

त्या खोकल्याचं कारण म्हणजे वन्सं, ह्यांची थोरली बहीण. हे त्यांना अक्का म्हणायचे. ओढ्यापलीकडच्या वस्तीत त्यांचं घर. यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगा परगावी, त्यामुळे एकट्याच राहायच्या. सासरे गेले तेव्हा त्यांच्या जमिनीच्या कडेला तुतीची चार झाडं होती. जमीन दोघा भावंडांची, झाडंही दोघांची. सासऱ्यांना पुरून आठवडा झाला नव्हता तोच ह्यांनी कोणाला न विचारता ती झाडं कापली. लाकूड चांगलं होतं, खराब होईल, असं ह्यांचं म्हणणं. वन्सं आल्या तेव्हा चौथं झाड पडत होतं. चार माणसांसमोर त्या म्हणाल्या, "बापाची माती अजून ओली आहे आणि तू करवत लावलीस?" ह्यांनी करवत खाली टाकली आणि म्हणाले, "आजपासून तू मला मेलीस."

बोलून गेले. मग ते शब्द परत घ्यायला जमेना. वन्संनी नंतर पाळकांकरवी विचारलं, वडिलांचा बाजा तेवढा मला द्या. सासरे तो चर्चमध्ये वाजवायचे आणि वन्सं त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या. ह्यांनी बाजा चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तुतीच्या फळ्या चिरून शेडच्या आढ्यावर ठेवल्या, त्यांनाही हात लावला नाही.

पण दर रविवारी दोघं एकाच चर्चमध्ये. वन्सं डावीकडे दुसऱ्या बाकावर, हे उजवीकडे पाचव्या. उपासना संपत आली की पाळक म्हणतात, एकमेकांना शांती द्या. सगळे उठून हात मिळवतात. हे मागच्या चांभाराशी मिळवायचे, पुढच्या शिंप्याशी मिळवायचे, आणि मधली वाट ओलांडायची नाही. तेव्हा मी उठायची. वाट ओलांडून जायची, वन्संचा हात दोन्ही हातांत घ्यायची, आणि तशीच, मध्ये कोणालाही न शिवता, परत येऊन ह्यांचा हात धरायची. ह्यांना कळत होतं मी काय करते ते. हात काढून घ्यायचे नाहीत. वन्संनाही कळत असावं, कारण त्या अगोदर हात पदराला पुसून ठेवायच्या. अकरा वर्षं ती शांती मी अशी चोरून नेत होते. देवाला हे चालतं की नाही, मी विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर काय करायचं?

त्या उन्हाळ्यात तीन रविवार वन्संची जागा रिकामी राहिली. ताप आला होता. मी दोनदा जाऊन आले. डॉक्टर फुप्फुसांबद्दल काहीतरी पुटपुटून गेले होते. मी घरी येऊन मोठ्याने सांगायची, हे रंधा जोरात मारायचे.

मग तो गुरुवार. भर दुपारी चर्चचा घंटाबाबा सायकल हाकत आला. चाळीस वर्षं घंटा वाजवून त्याचा एक कान गेलाय आणि दुसरा जायच्या वाटेवर आहे. उंबऱ्याशी सायकल टेकवली, धापा टाकत म्हणाला, "पाळकांनी सांगितलंय. तुमच्या अक्कांसाठी पेटी पाहिजे. संध्याकाळच्या आत घेऊन या. उशीर करू नका."

ह्यांच्या हातात कुठल्याशा खिडकीची चौकट होती. ती ह्यांनी हळूच भिंतीला टेकवली. नेहमी विचारतात ते काही विचारलं नाही. बहिणीचं नाव अकरा वर्षं तोंडात घेतलं नव्हतं, मग आता घंटाबाबासमोर कुठून घेणार? मीच म्हटलं, "अहो बाबा, कधी हो? कधी झालं?"

"आजच, आजच," बाबा म्हणाला. "संध्याकाळच्या आत." तांब्याभर पाणी प्यायला आणि निघून गेला.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. कोणी गेलं की चर्चची घंटा वाजते, ती वाजली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. पण घंटा वाजवणाराच आमच्या दारात असेल तर वाजवणार कोण? परत गेला की वाजवेल, असं मी मनाशी म्हटलं.

"आधी तिकडे जाऊन येऊ या," मी ह्यांना म्हणाले.

"पेटी करून जाऊ."

"अहो, तोंड तरी बघून या."

"रिकाम्या हाताने काय जाऊ?" हे म्हणाले. मग लेकीला हाक मारली, "शिडी लाव. त्या फळ्या काढ."

"त्या तुतीच्या?" लेकीने विचारलं. ती एकोणीस वर्षांची. रंधा बापासारखाच धरते, फक्त बापापेक्षा जास्त बोलते. त्या वेळी मात्र सरळ शिडी लावून वर चढली.

फळ्या खाली आल्या. कापल्या तेव्हा पिवळ्याजर्द होत्या, आता चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. धुळीचा जाड थर बसला होता. मी ओल्या फडक्याने पुसत गेले.

"माप घ्यायला मी जाऊन येऊ का?" मी विचारलं.

"पाच फूट एक इंच. डावा खांदा बोटभर खाली."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कधी बघता त्यांच्याकडे?"

"चर्चचं दार मी केलंय," हे म्हणाले. फळीवर गुण्या ठेवून रेघ मारत होते, मान वर केली नाही. "वरची कडी कुठे आहे ते मला माहीत आहे. आत येताना तिचं डोकं कडीच्या दोन बोटं खाली असायचं. या वर्षी तीन."

मला राग आला, खरं सांगते. दर रविवारी बघत होते तर! बोटांनी मोजत होते! आणि मी बावळट दोघांचे हात इकडून तिकडे नेत होते. राग ह्यांचा आला, वन्संचा आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त वरच्याचा आला. "तुला एक आठवडा थांबता येत नव्हतं?" मी त्याला म्हटलं. "इतके दिवस थांबलास, अजून एक रविवार थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" हे मी मोठ्याने बोलले असणार, कारण लेकीने माझ्याकडे पाहिलं.

शेडवर पत्रा आहे. त्या दुपारी आत श्वास घ्यायला जड जात होतं. ह्यांच्या सदऱ्याचा पाठीकडचा भाग काळा पडला होता. घाम नाकावरून फळीवर पडे आणि रंधा त्याच्यावरून जाई. मी चुलीवर पाणी उकळत ठेवलं. पेटीला खांद्याच्या जागी वळण असतं. तिथे फळीला आतून पाच-सहा चिरा द्यायच्या, अर्ध्यापेक्षा थोड्या खोल, वर उकळतं पाणी ओतायचं आणि दोघांनी दोन टोकं धरून सावकाश वाकवायची. घाई केली की मोडते. ह्यांची फळी मोडलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी मोडली. काडकन आवाज झाला आणि हे दोन तुकडे हातात धरून तसेच उभे राहिले.

"बाबा, अजून एक आहे," लेक म्हणाली. "या खेपेला चिरा मी देते."

"तुला बोटभर खाली जमेल?"

"सांगाल तसं करते."

लेकीने चिरा दिल्या. हे खाली बसून बघत होते. मग आपसूकच बोलायला लागले. "या झाडावर ती मला चढवायची. मी सहा वर्षांचा, ती चौदाची. खाली फ्रॉक पसरून उभी राहायची. मी तुत्या टाकायचो. फ्रॉक डागाळला की मार ती खायची. मी टाकल्या असं एकदाही बोलली नाही." बाहीने तोंड पुसलं. "मी दर रविवारी ठरवत होतो."

"काय?"

"की या रविवारी जायचं. वाट ओलांडायची."

मला कितीतरी बोलायचं होतं. पण त्यांचे हात बघितले आणि उकळतं पाणी तेवढं पुढे केलं. दुसरी फळी वाकली. मोडली नाही.

चार वाजेपर्यंत पेटी उभी राहिली. मी आत रंध्याच्या कुरळ्या साली पसरल्या, वर माझी ठेवणीतली पांढरी चादर लावली, कडेने बारीक खिळे ठोकले. ह्यांनी झाकण बसवून बघितलं, काढलं, कानस मारली, परत बसवलं. घंटा अजून वाजली नव्हती. उन्हाने घंटाबाबा आडवा झाला असेल, असं म्हणून मी तोही विचार झटकला.

हातगाडीवर पेटी ठेवली. हे पुढे ओढायला, मी आणि लेक मागून ढकलायला. रस्ता तापलेला होता आणि गाडीचं डावं चाक कुरकुरत होतं. पहिला भेटला तो चांभार. त्याने टोपी काढली.

"कोण हो?"

हे थांबले. गाडीची दांडी सावरली. मग म्हणाले, "अक्का. माझी बहीण."

चांभार अरी तशीच टाकून आमच्यामागे निघाला. शिंपी निघाला. सुईण समोरून येत होती, तिने कोणाच्या तरी कुंपणावरची पांढरी फुलं ओरबाडली आणि तीही निघाली. जो तो विचारी आणि हे प्रत्येकाला सांगत, "अक्का. माझी बहीण." अकरा वर्षांत जे एकदाही म्हटलं नव्हतं ते त्या अर्ध्या मैलात वीस वेळा तरी म्हटलं असेल. ओढ्याचा पूल ओलांडला तेव्हा मागे पंचवीस-तीस माणसं होती आणि कोणीतरी गीत सुरू केलं होतं.

वन्संच्या अंगणात झाडाखाली खुर्ची होती. खुर्चीत वन्सं बसल्या होत्या. एवढ्या उकाड्यात खांद्यावर शाल होती. शेजारी स्टुलावर पाळक बसून संत्रं सोलत होते.

गीत एकेका तोंडात विझलं. गाडी फाटकात थांबली. वन्संनी मान लांब करून सगळ्यांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "कोण गेलं गं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, बोल ना. एवढी माणसं घेऊन आलात, कोण गेलं?"

पाळक हातात संत्रं घेऊन उभे राहिले. "अहो, मी पेटी आणा म्हटलं होतं," ते म्हणाले.

"ही पेटीच आहे," हे म्हणाले. आवाज कुठूनतरी खोलातून आला.

"ही नव्हे! वाजवायची! त्यांना वडिलांची पेटी ऐकायची होती, म्हणून मी—" आणि पाळकांनी संत्र्यासकट हात कपाळाला लावला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळी दुनिया त्या वाद्याला पेटी म्हणते. आमच्या घरात म्हणत नाहीत. सासरे आठवडाभर माणसांच्या पेट्या करायचे आणि रविवारी ती वाजवायचे, म्हणून सासूबाईंनी सक्त ताकीद दिली होती, एका घरात दोन पेट्या नकोत, वाजते तो बाजा. मी नवी नवरी असताना एकदा चुकून म्हटलं तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. सुताराच्या घरात पेटी म्हणजे एकच.

"मी पेटी म्हणालो. पेटीच म्हणालो," घंटाबाबा गर्दीतून ओरडत होता, तो कधी येऊन मिळाला कोण जाणे. "शवपेटी म्हणालो का मी? सांगा!"

आधी शिंपी हसला. मग चांभार. मग सुईण फुलं तोंडावर धरून हसायला लागली. लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिवंत बाईच्या दारात तिची पेटी, गीत आणि फुलं, कोण हसणार नाही? पण मी ह्यांच्याकडे बघत होते. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल, सदरा अंगाला चिकटलेला. भरल्या गावासमोर ह्यांनी बहिणीला पेटी आणून दिली होती, आणि ह्यांनीच एकदा चार माणसांसमोर तिला मेलीस म्हटलं होतं. कोणालाही वाटावं की मुद्दाम केलं. ह्यांनी गाडीची दांडी उचलली आणि गाडी वळवायला लागले.

मला कळलं की आता ही गाडी वळली की हा माणूस परत कधी या फाटकात यायचा नाही. मागे मी गाडी घट्ट धरून ठेवली. "आता काहीतरी कर," मी वरच्याला म्हटलं. "माझ्याने एवढंच होतंय."

"थांब," वन्सं म्हणाल्या. "बघू तरी दे. माझीच आहे ना?"

हे थांबले. वन्सं खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. पाळकांनी हात दिला, तो बाजूला सारला. गाडीपाशी आल्या आणि पेटीवरून तळवा फिरवला. लोक गप्प झाले.

"तुती."

"हो."

"वापरली नाहीस इतकी वर्षं?"

"हात जाईना."

वन्संची बोटं डाव्या खांद्याच्या वळणावर थांबली. बोटभर खाली होतं तिथे. त्यांनी एकदा आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि एकदा भावाकडे. "माप कोणी दिलं?"

"कोणी नाही," हे म्हणाले. मग एकदम, गाडीची दांडी हातात तशीच धरून, म्हणाले, "अक्का, विचारायला पाहिजे होतं. झाडं तोडायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"हो."

"आणि तू तरीही तोडली असतीस."

"हो," हे म्हणाले. "तोडली असती."

"मग?" वन्सं म्हणाल्या. "मेलीस म्हणालास, त्याचं काय?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि ह्यांना खोकला आला. तोच, ओळीवरचा. मी मनात म्हटलं, आता नको रे बाबा, आज तरी नको. पण तेवढ्यात वन्संनाही आला, आणि त्यांचा खरा होता. छातीतून आला, थांबेना. त्या पेटीच्या काठावर वाकल्या, शाल घसरली, तोल गेला. ह्यांनी दांडी सोडली. अकरा वर्षं जी वाट ओलांडता आली नाही ती दोन पावलांची होती. बहिणीला काखेत हात घालून धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिले, लहान पोराच्या फिरवतात तसा. खोकल्याबरोबर रक्ताचा एक ठिपका ह्यांच्या बाहीवर पडला.

"चुकलो गं अक्का," हे म्हणत होते. "चुकलो. चुकलो."

"ऐकलं," वन्सं धाप टाकत म्हणाल्या. "एकदा म्हटलंस तरी चालेल."

मग त्यांना खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. गाडी फाटकातच होती आणि तिचं काय करायचं हे कोणाला सुचत नव्हतं. पाळक म्हणाले, "परत नेतील ते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"परत कशाला?" वन्सं म्हणाल्या. "डॉक्टर काय बोलले ते तुम्हीच ऐकलंत की. लागणारच आहे. मागच्या खोलीत ठेवा, तोवर मी त्यात पांघरुणं ठेवीन." मग भावाकडे वळल्या. "आणि तू जा. बाजा घेऊन ये. आता बाजा म्हटलं, कळलं ना?"

हे पळत गेले. पन्नाशीचा माणूस भर रस्त्याने पळत गेला. बाजा आणला तेव्हा ऊन उतरलं होतं. भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. ह्यांनी तिथेच बसून चांभाराकडून चामड्याचा तुकडा घेऊन चिकटवला. वन्संना एका हाताने भाता मारायची ताकद नव्हती. म्हणून भाता ह्यांनी मारला, आणि पट्ट्यांवर बोटं वन्संची. ह्यांना ताल कळत नाही, कधीच कळला नाही. "हळू मार," वन्सं ओरडायच्या. "घाई कोणाला आहे?" आमच्या लेकीला हसू आवरेना.

वन्सं पुढे पाच आठवडे होत्या. रोज काम आटोपलं की हे पूल ओलांडून जायचे आणि भाता मारायचे. रविवारी वन्संना चर्चमध्ये येता येईना, तेव्हा शांती द्यायची वेळ झाली की मी कुठेही न जाता जागेवरच उभी राहायची. सुरुवातीला हातांना चुकल्यासारखं व्हायचं.

मग एका सकाळी घंटा वाजली. सवयीने ह्यांनी कानामागची पेन्सिल काढली, शेडमध्ये गेले, आणि फळ्यांपुढे उभे राहिले. मी मागोमाग गेले. ह्यांच्या लक्षात आलं होतं की काम काही उरलेलं नाही. आजवर गावात कोणाचंही मयत असो, हे घामाघूम होऊन सगळ्यात शेवटी पोचायचे. सासरे गेले, सासूबाई गेल्या, तेव्हाही ह्यांच्या हातात हातोडाच होता. डोळ्यांत पाणी आणायला वेळ मिळाला नव्हता.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. पाळकांनी पुढची खुर्ची ह्यांना दिली, घरच्या माणसाची. हे तिथे बसले, रिकामे हात मांडीवर ठेवून, आणि दिवसभर रडले.